तुरुंगातले पेट्रोल

माझी थोरली मावसबहीण लग्न होऊन हैदराबादेत गेली त्याला आता चाळीस वर्षे होत आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, घराणे मूळचे नांदेडकडचे. पण तीन पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे त्यांचे मराठी ऐकत राहावे असे झाले आहे. बोलता बोलता मध्येच 'हौ' येते आणि नको म्हणायचे तर 'नक्को' म्हणतात. मुक्काम सैदाबादला. तिथून काचीगुड्याच्या बाजूला यायचे म्हणजे चंचलगुडा तुरुंगावरून यावे लागते.

गेल्या खेपेला त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो होतो. वाटेत एक पंप लागला. मोकळा होता. भावजींनी तो सोडला आणि पुढे जाऊन एका लांबलचक रांगेत स्कूटर उभी केली. मी म्हटले, "तिथे कोणीच नव्हते की."

"अहो, हे जेलचे पेट्रोल आहे. इथे माप मारत नाहीत, भेसळ करत नाहीत. सगळा मोहल्ला इथेच येतो. हौ, चोरांच्या पंपावर चोरी होत नाही!"

आणि स्वतःच्याच वाक्यावर ते खुशीत हसले. मीही हसलो. रांग पुढे सरकली. निळसर शर्ट घातलेल्या एका माणसाने शून्याचा आकडा आम्हाला बोटाने दाखवला, पेट्रोल भरले, सुटे पैसे मोजून दिले आणि मागच्याला पुढे बोलावले. वयाने पन्नाशीचा असेल. स्कूटर सुरू झाल्यावर भावजी म्हणाले, "हा बहुतेक सुटून आलेला. आतलेही असतात, बाहेरचेही असतात."

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात घर करून राहिले. सुटून आलेला माणूस पुन्हा तुरुंगाच्या दारात का उभा आहे?

थोडी माहिती सांगितली पाहिजे. तेलंगणच्या तुरुंग खात्याने गेल्या दहा-पंधरा वर्षांत तेल कंपन्यांशी करार करून स्वतःचे पेट्रोल पंप काढले आहेत. त्यांत हा चंचलगुड्याचा नावाजलेला. 'माय नेशन' नावाने कैद्यांनी बनवलेल्या वस्तू विकल्या जातात. साबण, बेकरीचे पदार्थ, लाकडी-लोखंडी सामान असे पुष्कळ काही. 2014 ते 2019 या काळात व्ही. के. सिंग नावाचे आयपीएस अधिकारी या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी 'विद्यादानम' या नावाने अक्षरओळखीची मोहीम चालवली, आत अंगठा उठवणारा माणूस बाहेर जाताना सही करून जावा एवढाच तिचा साधा हेतू. पंपावर शिक्षा भोगणारे चांगल्या वर्तणुकीचे कैदी काम करतात आणि सुटलेल्यांपैकी काहींना पगारी नोकरीही मिळते. 2024 च्या जुलैमध्ये तेलंगण सरकारने 213 कैद्यांना विशेष माफी देऊन मुदतीआधी सोडले. बहुतेक जन्मठेपेचे. त्यांच्यातल्या काहींना याच पंपांवर कामे देऊ केली गेली.

हे सगळे चांगलेच आहे. कौतुक करायचे तर जरूर करावे, मीही करतो. पण कौतुक करता करता एक गोष्ट नजरेतून सुटते. हैदराबाद हे काही लहानसे गाव नव्हे. औषधांचे कारखाने, संगणकाच्या कंपन्या, बांधकामे, हॉटेले. या शहरात कामाला माणसे मिळत नाहीत म्हणून बिहार-ओडिशातून आणावी लागतात. एवढ्या शहरात चौदा-पंधरा वर्षे काढून बाहेर आलेल्या माणसाला नोकरी द्यायला शेवटी पुढे कोण येते, तर तुरुंगच! ज्याने त्याला कोंडले त्यानेच त्याला पोसायचे. लग्न मोडलेली मुलगी बापाच्या घरी परत यावी तसे हे झाले.

त्याहून गमतीची गोष्ट भावजींच्या त्या विनोदात आहे. लोक चोराच्या हातचे पेट्रोल विश्वासाने घेतात. नुसते घेत नाहीत, रिकामा पंप सोडून त्यासाठी रांगेत उभे राहतात. मग या माणसांवर आपला विश्वास आहे असे म्हणायचे का? तर नाही. विश्वास आहे तो त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या भिंतीवर. माप मारले तर याची माफी जाईल, हा पुन्हा आत जाईल, वर साहेब बसले आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. उद्या हाच माणूस, हेच हात घेऊन, ती भिंत पाठीमागे नसताना आपल्या दारात उभा राहिला तर? तर काय होते ते मला चांगले माहीत आहे. कारण तसा एक माणूस आमच्या दारात उभा राहिला होता.

ही गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही.

आमच्या इमारतीला राखणदार हवा होता. माझ्या जुन्या मास्तरांनी एकाचे नाव सुचवले. त्यांच्याच वाड्यावरचा. भाटाच्या हद्दीवरून चुलतभावाशी भांडण झाले, रागाच्या भरात डोक्यात दांडा घातला, तो भाऊ गेला. जन्मठेप झाली. आग्वादच्या तुरुंगात वर्षे काढून सुटून आला होता. आई मधल्या काळात वारली, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मास्तर म्हणाले, "पन्नाशी उलटलेला माणूस, दारूला शिवत नाही, मी हमी घेतो." आम्ही सगळे बैठकीला बसलो. कोणी वाईट बोलले नाही, तेवढे आम्ही सुसंस्कृत आहोत! एकजण म्हणाला, माणूस चांगलाच असेल, पण इमारतीत लहान मुले आहेत. दुसरा म्हणाला, माझी हरकत नाही पण बायका घाबरतील. तिसऱ्याने पोलीस पडताळणीचा विषय काढला. तुरुंगसुधारणेवर चार लेख लिहिलेला मी तिथेच बसलो होतो. मी बोलेन असे मास्तरांना वाटले असावे, ते माझ्याकडे बघत होते. मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

पुढे आम्ही एका एजन्सीकडून राखणदार घेतला. एजन्सी तीन-चार महिन्यांनी माणूस बदलते. आतापर्यंत दहा-बारा तरी येऊन गेले असतील. त्यांतल्या एकाचेही गाव आम्ही विचारले नाही. आधी कुठे होता, काय केले होते, काहीच नाही. एजन्सी आहे ना पाठीमागे! म्हणजे पुन्हा तेच. आम्हाला माणूस नको असतो, त्याच्या मागे उभे असलेले काहीतरी हवे असते. मास्तरांची हमी मात्र आम्हाला पुरेशी वाटली नाही.

तो माणूस नंतर म्हापशाच्या बाजारात ओझी वाहताना दिसला. "बरे आसा मू?" म्हणून त्याने मलाच विचारले.

एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली 'स्टिग्मा' नावाचे पुस्तक लिहिले. कलंक घेऊन जगणाऱ्या माणसांचा अभ्यास. त्यात त्याने एक फरक फार नेमका सांगितला आहे. काही माणसांचा कलंक उघड असतो, समोरच्याला तो आधीच दिसलेला असतो. काहींचा झाकलेला असतो, पण कधीही उघडा पडू शकतो. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे सगळे आयुष्य एकाच कामात जाते. कोणाला सांगायचे, कोणापासून लपवायचे, किती सांगायचे, कोणत्या गावात आपल्याला ओळखणारा कोण आहे, याचा हिशेब. सुटून आलेला कैदी हा या दुसऱ्या प्रकारचा. कामाच्या अर्जात मधली दहा वर्षे रिकामी दिसतात, ती कशाने भरायची? आखातात होतो म्हणावे तर पासपोर्ट विचारतात. मुंबईला होतो म्हणावे तर कुठल्या कंपनीत ते विचारतात. शिक्षा संपते ती कागदावर, तारखेनिशी. हा हिशेब संपण्याची तारीख मात्र कोणी लिहून देत नाही.

म्हणजे तारखा लिहून देणे आपल्या कायद्याला जमत नाही असे नाही हं! लोकप्रतिनिधित्व कायदा उघडून बघा. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या माणसाला निवडणूक लढवता येत नाही, ती शिक्षा भोगून सुटल्यावर आणखी सहा वर्षे. सहा वर्षे झाली की मोकळा. आमदार व्हा, खासदार व्हा, मंत्री व्हा. 2024 च्या लोकसभेत निवडून आलेल्या 543 जणांपैकी 251 जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहून दिले आहे. खटला म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, हे मान्य. तेवढाच न्याय राखणदारालाही लावा, एवढेच म्हणणे आहे. राज्य चालवायला सहा वर्षांनी लायक ठरणारा माणूस इमारतीचे फाटक उघडायला मात्र कधीच लायक होत नाही. इंग्लंडात 1974 सालापासून कायदा आहे की ठरावीक मुदतीत माणसाने पुन्हा गुन्हा केला नाही तर जुनी शिक्षा 'संपली' असे धरायचे. गंभीर गुन्हे आणि काही नाजूक नोकऱ्या सोडल्या तर मालकाला ती सांगण्याचे बंधन राहत नाही. आपल्याकडे अल्पवयीन मुलांना असे संरक्षण आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगात न पाठवता सोडून दिलेल्यांनाही थोडेफार आहे. पण शिक्षा पुरी भोगलेल्या प्रौढ माणसाला काही नाही. ज्याने पुरती किंमत मोजली त्यालाच पावती नाही!

इथे कोणी तरी मला थांबवील, आणि थांबवावेच. ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय? मारणाऱ्याची कणव करायची आणि मेलेल्याला विसरायचे का?

हा प्रश्न मी हैदराबादेतच बसून ऐकला आहे, आणि विचारणारी माझी मावसबहीणच होती. 2019 च्या नोव्हेंबरात शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य डॉक्टरवर बलात्कार करून तिला जाळले गेले. देश हादरला. 6 डिसेंबरच्या पहाटे चौघाही संशयितांना पोलिसांनी 'चकमकीत' मारले आणि त्याच ठिकाणी लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. ताई म्हणाली, "मला त्या दिवशी बरे वाटले, खोटे कशाला बोलू? मला दोन मुली आहेत." तिच्या बरे वाटण्याला मी काय उत्तर देणार? त्या मुलीच्या आईवडिलांसमोर उभे राहून सुधारणेचे तत्त्वज्ञान सांगण्याची माझी छाती नाही.

पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले नागपूरचे, न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. आयोगाचा अहवाल 2022 च्या मे महिन्यात बाहेर आला. पोलिसांनी सांगितलेली हकिकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असे त्यात म्हटले. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी हा अहवाल वाचला असेल? खटला चालला असता तर त्या रात्री नेमके काय घडले ते त्या मुलीच्या आईवडिलांना न्यायालयातून कळले असते. ते आता कधीच कळणार नाही. ज्यांनी तिला न्याय दिला असे आपण म्हणतो, त्यांनी तिची गोष्ट अर्ध्यावर पुसून टाकली.

आणि मी सगळ्यांना सोडा म्हणत नाहीच. काही माणसे बाहेर येऊ नयेत असे माझेही मत आहे. मी बोलतो आहे ते ज्यांना न्यायालयाने मोजून शिक्षा दिली आणि जे ती भोगून आले त्यांच्याविषयी. आपल्या तुरुंगात तर तेही अल्पसंख्य! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांत देशातले कैदी 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. शंभरात पंच्याहत्तर जणांवर अजून काहीच शाबीत झालेले नाही. जामीन मिळूनही हमी राहायला माणूस नाही म्हणून आत राहिलेलेही त्यांत आहेत. यांच्यापैकी कित्येक उद्या निर्दोष ठरतील आणि बाहेर येतील. तेव्हा त्यांना आपण कोणत्या रकान्यात घालणार?

याचेही उत्तर हैदराबादने देऊन झाले आहे. 18 मे 2007 रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, मक्का मशिदीत स्फोट झाला. नऊ माणसे गेली, त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात आणखी काही. पोलिसांनी जुन्या शहरातली मुसलमान पोरे डझनावारी उचलली. त्यांचा छळ झाल्याचे राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या पाहणीतही पुढे आले. न्यायालयाने ती पोरे निर्दोष सोडली. मग 2012 च्या जानेवारीत आंध्र सरकारने एक गोष्ट केली जी तोवर आपल्याकडे फारशी कोणी केली नव्हती. निर्दोष सुटलेल्या वीस जणांना प्रत्येकी तीन लाख आणि उचलून सोडलेल्या पन्नास जणांना वीस-वीस हजार रुपये भरपाई दिली. सोबत चारित्र्याचे दाखलेही दिले!

मला त्या दाखल्यांविषयी फार वाटते. न्यायालयाने निर्दोष म्हटल्यावरही माणसाला सरकारकडून 'हा चांगला माणूस आहे' असा कागद लागतो. निकालपत्र दाखवून कोणी नोकरी देत नाही, भाड्याने खोली देत नाही. पण निदान कोणाला तरी हे सुचले. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, उच्च न्यायालयाने ती भरपाई रद्द ठरवली आणि पैसे वसूल करायला सांगितले.

त्या प्रकरणाला आणखी एक धागा आहे. पुढे तपास उलट दिशेला वळला आणि 2010 साली स्वामी असीमानंद यांना अटक झाली. चंचलगुड्याच्या तुरुंगातच त्यांची गाठ त्याच स्फोटापायी आधी आत जाऊन आलेल्या एका मुसलमान तरुणाशी पडली. त्या मुलाने आपली सेवा केली, त्यामुळे मन पालटले, असे त्यांनी दंडाधिकाऱ्यापुढच्या कबुलीत म्हटले. नंतर ती कबुली त्यांनी मागे घेतली. 16 एप्रिल 2018 रोजी हैदराबादच्या न्यायालयाने त्यांना आणि इतर चौघांना निर्दोष सोडले. एका स्फोटातून दोन्ही बाजूंची माणसे आत गेली, दोन्ही बाजूंची निर्दोष सुटली आणि नऊ मृतांचा मारेकरी कायद्याच्या लेखी आजही कोणीच नाही. कोणाची बाजू घेऊन रागवायचे ते वाचकांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की आतून बाहेर आलेल्या कोणाचेही आयुष्य जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू झाले नाही.

2018 सालच्या 277 व्या अहवालात विधी आयोगाने चुकीच्या खटल्यांत अडकवलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी कायदा करा असे सांगितले. कायदा झालेला नाही.

जी. एन. साईबाबांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल, कारण त्यांचा खटला महाराष्ट्रात चालला. दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापक, शरीराने नव्वद टक्के अपंग, चाकांच्या खुर्चीवर. 2014 साली अटक, 2017 साली गडचिरोलीच्या न्यायालयाची जन्मठेप, मुक्काम नागपूर मध्यवर्ती कारागृह. 2020 साली हैदराबादेत आई वारली, अंत्यदर्शनाला सोडले नाही. 2021 साली महाविद्यालयाने नोकरीवरून काढले. 2022 च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने सोडले, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून ती सुटका थांबवली. 5 मार्च 2024 ला नागपूर खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. त्यांचे राजकीय विचार मला पटतात असे नाही, पण तो इथे मुद्दाच नव्हे. निर्दोष ठरलेल्या या माणसाला नोकरी परत मिळाली नाही. सुटकेनंतर सात महिन्यांनी, 12 ऑक्टोबर 2024 ला, हैदराबादच्या निम्स रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. देह गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला दान केला. ते महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आज उभे आहे ती जागा मुशीराबादच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगाची आहे. तुरुंग पाडून 2003 च्या सुमारास तिथे रुग्णालय आले.

भावजींच्या घरात तुरुंग हा शब्द आदराने घेतला जातो, हेही सांगायला हवे. त्यांचे आजोबा निजामाच्या तुरुंगात होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातली किती माणसे तिथल्या तुरुंगांत गेली! खुद्द स्वामी रामानंद तीर्थ आधी 1938 च्या सत्याग्रहात आणि मग 1947-48 साली आत होते. आजोबांचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात आहे, खाली ताम्रपट. आपल्याकडेही तसेच आहे. आग्वादला लोहियांना 1946 साली ठेवले होते म्हणून आपण अभिमानाने सांगतो. मोहन रानडे 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले, त्यांचे नाव घेताना हात जोडतो. तुरुंगातून आलेल्या माणसाचे स्वागत कसे करायचे हे आपल्याला माहीत नाही असे कोणी म्हणू नये. आपल्याला ते उत्तम माहीत आहे, फक्त आपण माणसे निवडून घेतो. तुलना करतो आहे असे समजू नका. देशासाठी आत गेलेला आणि चुलतभावाला मारून आत गेलेला एक नव्हे. पण दोघांनी पाहिलेली भिंत एकच होती. आग्वादच्या त्याच इमारतीत मुक्तीनंतर साधे गुन्हेगार राहत होते, 2015 साली त्यांना कोलवाळला हलवले. मग इमारत दुरुस्त झाली, 2021 च्या डिसेंबरात संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मी बघायला गेलो होतो. स्वातंत्र्यसैनिकांची नावे, छायाचित्रे, समुद्राचा वारा. मुक्तीनंतर पन्नास-चोपन्न वर्षे तिथे जे राहिले त्यांची आठवण मला तरी कुठे दिसली नाही. आमच्या मास्तरांच्या वाड्यावरचा तो, तिथलाच. त्याची कोठडी आता कोणती दालन झाली असेल कोण जाणे.

तेलंगणात याच्याही पुढची मजा होती. संगारेड्डीला 1796 सालचा जुना तुरुंग आहे, हैदराबादहून तास-दीड तासावर. तिथे 2016 साली तुरुंग खात्याने 'फील द जेल' सुरू केले. पाचशे रुपये भरा, खादीचे कपडे घाला, एक दिवस कैदी व्हा. लोक हौसेने गेले, फोटो काढले. आणि पुढच्याच वर्षी, 2017 साली, इव्हांका ट्रम्प येणार म्हणून शहरातले भिकारी उचलून चंचलगुड्याच्या आवारातल्या 'आनंदाश्रमा'त ठेवले. पैसे भरून जाणाऱ्यालाही तुरुंग आणि ज्याच्याकडे एक पैसा नाही त्यालाही तुरुंगच.

आपले मराठी मन या बाबतीत वेगळे असायला हवे होते असे मला राहून राहून वाटते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 साली मॉरिस फ्रीडमन या परदेशी इंजिनियरच्या आग्रहाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, खुन्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेती करायला ठेवले. त्यावरून शांतारामबापूंनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, माडगूळकरांच्या लेखणीतून. हैदराबादच्या चेर्लापल्लीला कैद्यांची शेती वसाहत आहे, ती याच विचारातली. सिनेमा आपण किती वेळा पाहिला असेल! पाहून डोळे पुसले. त्या सहाजणांपैकी एखादा सुटून शहरात आला आणि खोली शोधू लागला, तर पुढे काय, हे सिनेमात नाही.

याच मातीत दुसरी परंपराही आहे. 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला त्यांच्यासाठी काटेरी तारांची वसाहत होती. 1952 साली तो कायदा गेला. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी कोणाच्या पालावर जातात ते विचारून बघा. पार 2024 च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगात झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरवू नका. रकाने पाडण्याची ही सवय जुनी आहे, तुरुंगाच्या फाटकाशी ती सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

माझी मागणी छोटी आहे. मास्तरांनी त्या दिवशी जे केले ते सरकारने करावे. हमी घ्यावी. तेलंगणचे तुरुंग खाते स्वतःच्या पंपावर हमी घेतेच, ती पंपाच्या कुंपणाबाहेर न्यावी. सुटणाऱ्या माणसाला त्याच्या वर्तणुकीचा, शिकलेल्या कामाचा लेखी दाखला द्यावा, त्याला कामावर ठेवणाऱ्याच्या पाठीशी दोन वर्षे उभे राहावे, आणि ठरावीक वर्षे नीट गेली की मागचे विचारण्याचा हक्क संपावा. आपला गोवा एवढासा. कोलवाळहून वर्षाला शिक्षा भोगून सुटणारी माणसे ती किती? सुरुवात करायला यापेक्षा सोयीचे राज्य सापडायचे नाही. आणि कोणत्याही इमारतीच्या बैठकीत असा विषय निघाला तर निदान एकाने तरी कपातून मान वर काढावी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भावजींना म्हटले, पेट्रोल भरून येऊ. टाकी अर्धी भरलेली होती, पण ते काही बोलले नाहीत. तोच माणूस होता. रांग लहान होती म्हणून दोन शब्द बोलायला मिळाले. भावजींनी त्याच्याशी दखनीत सुरुवात केली, मी ऐकत होतो. किती वर्षे झाली इथे, म्हणून विचारले. तीन, म्हणाला. राहतोस कुठे? जवळच, मलकपेटला खोली घेतली आहे भाड्याने. घरमालक बरा आहे का?

"बहोत अच्छे लोगां हैं साब. पंप पे काम करतूं बोला तो खोली दे दिये." नळी हातात तशीच धरून तो थोडा हसला. "कौनसा पंप, वो अब तक पूछे नहीं."